मदतनिधी माहेरवाशिणींच्या हाती द्या

लालबाग-परळमध्ये गल्लोगल्ली गावांची मंडळं आहेत. अमुक ग्रामस्थ मंडळ, मुंबई. तमुक वाडी उत्कर्ष मंडळ, मुंबई. काहींच्या अजून गावकीच्या खोल्या आहेत, जिथे एकेकाळी गिरणीच्या तिन्ही पाळ्यांची माणसं आळीपाळीने पाठ टेकायची. बाकीची मंडळं आता व्हॉट्सअ‍ॅपवर राहतात. यांच्या कुठल्याही कार्यक्रमाची पत्रिका घ्या आणि मागची बाजू वाचा. अध्यक्ष, उपाध्यक्ष, सचिव, सहसचिव, खजिनदार, हिशेब तपासनीस, सल्लागार, सगळे बाप्ये. तळाशी ‘महिला प्रतिनिधी’ म्हणून दोन नावं. बहुधा एक अध्यक्षांच्या सौभाग्यवती असतात आणि दुसऱ्या सचिवांच्या वहिनी. दामोदर हॉलमध्ये नमन किंवा शक्ती-तुरा लावायचा की नाही, हे पुरुष ठरवायचे. हळदीकुंकवाला वाण काय द्यायचं, ते या दोघी.

हळदीकुंकवाबद्दल माझी काही तक्रार नाही. मला हवा आहे तो मंडळाचा आपत्ती निधी. तो बायकांच्या हाती द्या. आणि नुसत्या गावात आलेल्या सुनांच्या नको, गावातून लग्न होऊन बाहेर गेलेल्या मुलींच्याही हाती द्या.

मंडळातला पुरुष एका गावाचा असतो. खरं तर एका वाडीचा, आणि जरा खरवडलं तर एका भावकीचा. बाईला मात्र दोन गावं असतात. माझं सासर पोलादपूर तालुक्यातलं, माहेर श्रीवर्धनकडचं. थोरली जाऊ खेडची. धाकट्या वन्सं चिपळुणात दिलेल्या. आमच्या मजल्यावर राहतात त्यांचं सासर महाड आणि माहेर मंडणगड. एका चाळीतल्या एका मजल्यावरच्या बायका एकत्र बसल्या, तरी सावित्रीपासून वाशिष्ठीपर्यंतची निम्मी खोरी तिथेच हजर असतात. डोंगर कुठेही खचो, फोन आमच्यापैकी कोणाला तरी येतोच. मंडळाची सभा मात्र ‘आपल्या गावात काही झालंय का’ या प्रश्नापाशी सुरू होते आणि बरेचदा तिथेच संपते.

३ जून २०२० ला ‘निसर्ग’ चक्रीवादळ आमच्या माहेरच्या किनाऱ्यावर चढलं. त्याआधीचे दोन महिने गाव आणि मुंबई यांचं बरं चाललं नव्हतं. करोनाच्या धास्तीने कित्येक गावांनी वेशीवर बांबू आडवे टाकले होते. मुंबईहून आलेल्या माणसाला आधी शाळेत चौदा दिवस ठेवायचं, मग घरात घ्यायचं. सख्खे भाऊ फोनवर एकमेकांना टाकून बोलले. त्यामुळे वादळाची बातमी आली तेव्हा एका ग्रुपवर ‘आता आठवली का मुंबई’ असा मेसेज पडलाच, आणि त्याला अंगठेही मिळाले. बायकांना असा रुसवा परवडत नाही. भावजयीचं आणि माझं बोलणं त्या सगळ्या काळात चालूच होतं. आईचे गुडघे, फणसाची साठं, पोराची शाळा. वेशीवरचा बांबू त्या बोलण्याच्या आड कधी आला नाही.

वादळानंतर खांब पडले, टॉवर बंद झाले. वीज यायला कित्येक आठवडे लागले. भावजयीने तालुक्याबाहेर जाणाऱ्या एका गाडीवाल्याकडे फोन चार्जिंगला दिला आणि त्याच्याच फोनवरून मला यादी सांगितली. रडली नाही, यादी सांगितली. कौलं नकोत, सध्या बसवायला माणूस मिळत नाही. ताडपत्री जाड हवी. मेणबत्त्या, काडेपेट्या, सेलवाल्या बॅटऱ्या, मच्छर अगरबत्ती. रॉकेल रेशनवर मिळायचं केव्हाच बंद झालंय, तेव्हा कंदील पाठवू नका. आणि पत्रे पाठवणार असाल तर जे-हुक आणि वायसर सोबत द्या. शेजारच्या गावात कोणी भल्या माणसांनी ट्रकभर पत्रे उतरवले होते, हुक एकही नव्हता. लोकांनी पत्र्यांवर दगड ठेवले. जूनच्या वाऱ्यात, डोक्यावर, दगड!

पैसे भिशीतून आले. आमची भिशी वीस बायकांची, हजार रुपयांची. त्या महिन्याचा नंबर जिला लागला होता तिचं माहेर साताऱ्याकडचं; वादळाशी तिचा काही संबंध नव्हता. तिने नंबर सोडला. दुसऱ्या दोन भिश्यांनी तसंच केलं, एक गिरगावातल्या वाडीतली आणि एक दादरच्या भजनी मंडळातली. गिरगावच्या भिशीत माझी मावसबहीण, भजनी मंडळात तिची विहीण. संघटना म्हणावी तर एवढीच. ना नाव, ना लेटरहेड. मशीद बंदरला दुकानं सम-विषम तारखांना उघडत होती, तिथून ताडपत्री घेतली. माल गेला तो भाजी घेऊन येणाऱ्या आणि रिकाम्या परतणाऱ्या टेम्पोतून, कारण अत्यावश्यक सेवेचा पास त्याच्याकडे होता. हा टेम्पो कोणी शोधला? भाजीवालीने. मंडळाचं पत्र घेऊन परवानगीसाठी फिरणारे आमचे सहसचिव तोवर दुसऱ्या अर्जाच्या झेरॉक्स काढत होते. (ते चांगले गृहस्थ आहेत. हा लेख ते वाचतील, म्हणून हे लिहून ठेवते.)

सरकारी मदतीचं गणितही बायकांनीच आधी ओळखलं. बागांसाठी हेक्टरी ५० हजार जाहीर झाले, ऐकायला भरघोस. पण आमच्याकडची वाडी गुंठ्यात मोजतात. दहा-पंधरा गुंठ्यांत नारळ, सुपारी, मिरवेल, जायफळ, सगळं दाटीवाटीने उभं असतं. एक वाडी आडवी झाली की पुढची कित्येक वर्षं उत्पन्न नाही, आणि हेक्टरच्या हिशेबाने हातात येणार ते किरकोळ. पुढे झाडामागे मदत द्यायचं ठरलं तेव्हा कुठे जरा अर्थ आला. तरी सुपारी सोलायला जाणाऱ्या बायकांचा रोज कुठल्याच रकान्यात बसला नाही. त्यांची स्वतःची वाडी नव्हती, मग नुकसान कसलं?

पुढच्या वर्षी सासरची पाळी. २२ जुलै २०२१. महाबळेश्वरात एका दिवसात ५९४ मिलिमीटर पाऊस झाला आणि तो सावित्रीतून खाली महाडवर आला. आमच्या पोलादपूर तालुक्यात केवनाळे आणि साखर सुतारवाडीवर दरडी कोसळल्या. महाड तालुक्यातल्या तळियेत डोंगराने वाडीच गिळली, ऐंशीहून जास्त माणसं गेली. खेडमध्ये पोसरे. चिपळूणच्या बाजारपेठेत पाणी पहिल्या मजल्यापर्यंत चढलं. आमच्या मजल्यावरच्या प्रत्येकीचं कोणी ना कोणी त्या पाण्यात होतं.

तेव्हा लोकल आम्हा सामान्यांना बंद होती. लशीचे दोन डोस झालेल्यांना ती १५ ऑगस्टपासून मिळाली. दुकानं दुपारी चारला बंद. तरीही मुंबईतून मदतीचा पूरच गेला, आणि त्यातला बराचसा दुसऱ्या पुरासारखाच निस्तरावा लागला. जुन्या कपड्यांची गाठोडी महामार्गाच्या कडेला पावसात भिजत पडली होती, फोटो सगळ्यांनी पाहिले आहेत. बिस्किटं इतकी की गुरांना घातली. साड्याही आल्या, चांगल्या, घडी न मोडलेल्या. पण परकर नाहीत आणि ब्लाउज नाहीत. साडी नेसायला खाली परकर लागतो, हे गाठोडी बांधणाऱ्या इतक्या माणसांपैकी एकालाही सुचू नये? चिखल काढताना बाई साडी नेसत नाही, गाऊन घालते आणि वर टॉवेल घेते, हे तर त्यांना माहीत असायचा प्रश्नच नव्हता.

वन्संचा चिपळूणहून फोन आला तो हलक्या आवाजात, कारण जवळ दीर उभे होते. गाऊन. निकर, सगळ्या मापांच्या. पॅड, आणि ते गुंडाळून टाकायला कागदी पिशव्या. मग मोठ्या आवाजात: फावडी, घमेली, खराटे, गमबूट, ब्लीचिंग पावडर, फिनेल. आम्ही हिंदमाताच्या होलसेलवाल्याकडे गेलो. हिंदमाताला स्वतःच्याच दुकानात दर पावसाळ्यात पाणी पाहिलेला माणूस तो. त्याला फार समजवावं लागलं नाही. चार वाजायला आले होते. शटर अर्धं खाली ओढून त्याने गाऊनचे गठ्ठे काढून दिले आणि निकरचे पैसे घेतले नाहीत. हलक्या आवाजातली यादी ज्या फोनवर सांगता येते तो फोन कोणाकडे आहे, एवढंच मदतीच्या बाबतीत विचारायचं असतं. मंडळाच्या अध्यक्षांना कोण बाई निकरची मापं सांगेल?

पुढचं काम कोणी मदत म्हणून मोजतच नाही. राज्य सरकारने ऑगस्टमध्ये ११,५०० कोटींचं पॅकेज जाहीर केलं. कपडे-भांड्यांसाठी कुटुंबाला दहा हजार, पडलेल्या घराला त्याच्या पडझडीप्रमाणे. पण कोकणातलं घर कोणाच्या नावावर असतं? आजोबांच्या. घरपट्टीच्या उताऱ्यावर वारलेल्या माणसाचं नाव, खाली चार मुलगे, त्यांतले तीन मुंबईत, त्यांची पोरं लालबागपासून विरारपर्यंत पांगलेली. राहते ती एकटी चुलती, तिचं नाव कुठेच नाही. पैसे तिच्या खात्यावर जायचे तर बाकीच्यांनी हरकत नाही असं लिहून द्यायला हवं. त्या सह्या आम्ही गोळा केल्या. घोडपदेवला एकाकडे, वरळीला दुसऱ्याकडे, नालासोपाऱ्यात तिसऱ्याकडे, जो २० वर्षं गावाशी बोलत नव्हता. भावाभावांचं जमिनीवरून वाकडं होतं. त्याच्या बायकोचं आणि चुलतीचं नव्हतं. ती म्हणाली, ‘‘काकी, चहा घ्या, तेवढ्यात सही घेते त्यांची.’’ घेतली.

मुंबईतल्या बायका हे आजच करू लागल्या असंही नाही. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेला भूकंप झाला, मुंबईसुद्धा हलली. कोयनेची वीज बंद पडली तशा इथल्या गिरण्या अडल्या. माझ्या सासूबाई तेव्हा लालबागला खानावळ चालवायच्या. जेवायला पाटण, चिपळूण, खेडकडचे गिरणगडी. घर पडलंय की आहे हे बघायला गडी गावी निघाले, त्या महिन्याचे पैसे सासूबाईंनी मागितले नाहीत, वर भाकऱ्या बांधून दिल्या. शेजारच्या खानावळवालीनेही तेच केलं, कारण दोघींनी जिन्यात उभं राहून तसं ठरवलं होतं. याची नोंद कुठल्याही मंडळाच्या इतिवृत्तात नाही. अशाच खानावळवाल्यांना हाताशी धरून प्रेमाताई पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं आणि तारणाशिवाय बँकेचं कर्ज मिळवून दाखवलं. म्हणजे विश्वास आधीपासून होता, त्याला वही आणि शिक्का मिळाला. मला आज मंडळाकडून तेवढंच हवं आहे.

‘‘मग तुम्ही तुमचं वेगळं चालवा की,’’ असं एका सल्लागारांनी मला सुनावलं. वेगळं का नको, हे मी आयुष्यभर पतपेढीत खतावण्या लिहिल्या म्हणून सांगू शकते. भिशीचा हिशेब तोंडी असतो. वीस जणींत तो चालतो, दोनशे जणींत भांडणं होतात. लोकांकडून धर्मादाय कामासाठी वर्गणी घ्यायची तर कायद्याच्या कलम ४१ क प्रमाणे वरळीच्या धर्मादाय आयुक्तांना कळवावं लागतं, पावती द्यावी लागते. मंडळ नोंदणीकृत आहे, त्याचं बँक खातं आहे, लेखापरीक्षण होतं. न्यू जर्सीच्या भाचीला पैसे पाठवायचे होते. ती आता अमेरिकेची नागरिक, म्हणजे तिचा पैसा परदेशी देणगी झाला आणि त्यासाठी केंद्राची वेगळी नोंदणी लागते, जी ना आमच्या भिशीकडे आहे ना मंडळाकडे. तिच्या दुबईतल्या भावाकडे भारतीय पासपोर्ट, तो बँकेतून खुशाल पाठवू शकतो. हे मला माहीत होतं, मंडळाच्या खजिनदारांना नव्हतं. त्यांनी दोघांनाही खाते क्रमांक देऊन टाकला होता, वेळीच थांबवलं.

किल्लारीचं उदाहरण या सभांमध्ये मी नेहमी देते आणि लोक नेहमी घड्याळाकडे बघतात. ३० सप्टेंबर १९९३ चा भूकंप. पुनर्वसनात सुरुवातीला अधिकारी गावात यायचे, पुरुषांशी बोलायचे, जायचे. घराला किती हप्ते मिळणार, सिमेंट कुठून उचलायचं, हे घरातल्या बाईला कळायचंच नाही. मग प्रेमा गोपालन यांच्या स्वयं शिक्षण प्रयोगाने गावोगावच्या महिला मंडळांतल्या बायकांना ‘संवाद सहायक’ म्हणून पुढे केलं आणि सरकारने ते मान्य केलं. हजाराहून अधिक गावांत या बायकांनी हप्ते, बांधकाम, भिंतींची मजबुती यांवर लक्ष ठेवलं. २००१ मध्ये भूजला भूकंप झाला तेव्हा लातूर-उस्मानाबादच्या बायका कच्छच्या बायकांना भेटायला गेल्या. तिथे काय बोलल्या असतील याचा मला अंदाज आहे: पहिला हप्ता कोणाच्या हातात देऊ नका.

दोन आक्षेप मात्र खरे आहेत. पहिला असा की बायका माहेराकडे झुकतं माप देतील. देतीलच. मीही दिलं असतं. म्हणून माझ्या प्रस्तावात अट आहे: जिच्या माहेरची किंवा सासरची यादी असेल तिने त्या यादीवर सही करायची नाही, दुसरीने करायची. पुरुष आपल्या वाडीला आधी देतात तेव्हा अशी अट कोणी घातली नव्हती, पण असो.

दुसरा आक्षेप जास्त बोचणारा आहे, आणि तो पुरुषांनी नाही, पोसऱ्याच्या बौद्धवाडीशी नातं असलेल्या माझ्या एका जुन्या सहकारी बाईने घेतला. ती म्हणाली, तुमची दोन-दोन गावं खरी, पण सोयरीक जातीतच होते ना? मग तुमचं जाळं कितीही पसरलं तरी जाणार कुठे? उत्तर नव्हतं माझ्याकडे. अजूनही पूर्ण नाही. महाड-म्हसळ्याच्या कोकणी मुसलमान बायका नागपाडा-डोंगरीत त्यांचं त्यांचं गोळा करत होत्या, बौद्ध मंडळांच्या बायका भोईवाड्यात त्यांचं. महाडच्या एकाच आळीत तीन टेम्पो एका दिवशी पोचले आणि वरच्या वाड्यांना एकही नाही. नात्यांच्या पलीकडे आम्ही ओळखतो त्या बायका कुठे भेटल्या? लोकलच्या डब्यात, केईएमच्या ओपीडीबाहेर, पतपेढीच्या काउंटरवर. म्हणून निधीच्या समितीत दोन जागा मंडळाबाहेरच्या बायकांसाठी ठेवा, आणि त्यांना यादीवर नकाराचा अधिकार द्या. हे कलम वाचल्यावर सभेत आवाज चढणार, याची मला कल्पना आहे. चढू दे.

बाकी तपशील फार नाहीत. पावसाळ्याआधी प्रत्येक वाडीतल्या दोन बायकांचे नंबर लिहून घ्यायचे, त्यांतली एक तरी डोंगराच्या वरच्या अंगाला राहणारी. निधीतली ठरावीक रक्कम सभेची वाट न बघता उचलायची मुभा. पावत्या सात दिवसांत. जुने कपडे घ्यायचे नाहीत, कोणी कितीही आग्रह केला तरी. टेम्पोवर फ्लेक्स नाही. जुलैत माणसं दारात चिखल उपसत असताना अध्यक्षांनी गाडीसमोर उभं राहून फोटो काढायचा असेल, तर आधी एक खोली साफ करून द्यायची.

येत्या रविवारी मंडळाची सर्वसाधारण सभा आहे. विषयपत्रिकेत आठवा विषय ‘ऐन वेळी येणारे विषय’ असा आहे, त्यात मी हा ठराव टाकणार. सूचक मी. आमच्या नियमावलीप्रमाणे अनुमोदक मतदानाचा हक्क असलेला सभासद हवा, आणि वर्गणी घरटी एक असल्याने सभासद म्हणून नाव घरातल्या पुरुषाचंच लागतं. माझं लागलं ते यजमान गेल्यावर. तेव्हा अनुमोदन कोणा पुरुषालाच द्यावं लागेल. सहसचिव, तुम्ही देताय का?